सांगणाऱ्याचं नाव

संपादकांनी निरोप पाठवला, "बाई, तुम्ही आयुष्यभर मुलांना भूगोलाची कोडी घातलीत. त्यातल्या काही गमतीदार आठवणी दिवाळी अंकासाठी लिहा." गमतीदार म्हणे! कागद पुढ्यात घेऊन बसले. गंमत काही केल्या आठवेना, आठवला तो संतापच. मग म्हटलं, आता सत्तरी उलटली, आता कुणाची भीडभाड ठेवायची? जे आठवतंय तेच लिहिते. छापायचं तर छापा, नाहीतर मजकूर परत करा, मी काही रुसणार नाही.

मी सोलापूरच्या भवानी पेठेत म्युनिसिपालटीच्या मुलींच्या शाळेत शिकवत असे. नवरा लग्नानंतर लवकरच गेला. भाऊ शहाणा होता, त्याने लोकांची बोलणी खाऊन मला ट्रेनिंग कॉलेजात घातलं आणि मी मंगळवेढ्याहून सोलापूरला आले, ती तिथलीच झाले. मी सांगते आहे ते दिवस एकोणीसशे तीसच्या आसपासचे. शाळा म्हणजे एका माडीवरच्या दोन खोल्या, खाली भुसार मालाचं दुकान. वर आम्ही पाढे म्हणायचो आणि खाली तुरीची पोती आपटायची. निम्म्या मुली पद्मसाळी विणकरांच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. काही गिरणी कामगारांच्या, काही कानडी घरातल्या. मिलचा भोंगा हेच आमचं घड्याळ.

कोड्यांची सुरुवात एका साहेबांमुळे झाली, हे सांगितलंच पाहिजे. शाळा तपासायला एक इन्स्पेक्टर आले. त्यांनी एका मुलीला विचारलं, "बेट म्हणजे काय?" तिने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. साहेब म्हणाले, "कुठे पाहिलंस बेट?" ती म्हणाली, "सिद्धेश्वराच्या तळ्यात. देऊळ हाय की मधी." साहेब खो खो हसले. म्हणाले, "अगं, बेट समुद्रात असतं." मग माझ्याकडे वळून इंग्रजीमिश्रित मराठीत म्हणाले, "शहरातल्या मुलांना भूगोल यायचाच नाही. त्यांनी नदी पाहिली नाही, डोंगर पाहिला नाही. गल्ली, गटार आणि गिरणी, दुसरं काय असतं त्यांच्यापुढे?" शेऱ्यातही तेच लिहून गेले. ती मुलगी मान खाली घालून बसली आणि पुन्हा वर्षभर तिने भूगोलाच्या तासाला तोंड उघडलं नाही. बरोबर उत्तर देऊन हसं झालं की मूल असंच गप्प होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण नोकरी होती, गिळलं.

त्या आठवड्यापासून मी दर शनिवारी फळ्यावर एक कोडं लिहायला लागले. गल्ली, गटार आणि गिरणी एवढंच असतं ना? बरं तर, त्यातूनच भूगोल काढून दाखवते, अशी जिद्द होती.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भूगोलाचं कोडं म्हणजे 'अमक्याची राजधानी कोणती' हे नव्हे. त्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी असतं आणि मूल ते पाठ करून विसरतं. खरं कोडं मुलाला घराबाहेर काढतं. ते घातलं की मुलाला कुणाकडे तरी जावं लागलं पाहिजे, 'हे कसं हो?' म्हणून विचारावं लागलं पाहिजे. म्हणून माझा एक नियम होता. उत्तर कुणालाही विचारा, दहा जणांना विचारा, पण वहीत उत्तराखाली सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. एक तर उत्तर चुकलं तर परत कुणाकडे जायचं ते कळतं. आणि दुसरं असं की आमच्या पेठेतल्या माणसांची नावं कुठे लिहिलीच जात नसत. गिरणीच्या हजेरीपटावर असली तर असली.

पहिलंच कोडं होतं, 'तुमच्या ताटातली भाकरी कुठून चालत आली?' निम्म्या वर्गाने लिहिलं, चुलीवरून. एकीने लिहिलं, आईच्या हातातून. बरोबरच होतं म्हणा, पण मी पुन्हा पाठवलं, आणखी मागे जा. मग कुणी दुकानदाराला विचारलं, कुणी बाजारात उतरलेल्या गाडीवानाला, आणि हळूहळू माझं मंगळवेढं वर्गात आलं. तिथली काळी जमीन, हिवाळ्यात येणारी शाळू ज्वारी, पाऊस नसला तरी जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर तरारणारी. पोरींना ठाऊकच नव्हतं की त्या रोज मंगळवेढा खातात.

दुसरं एक कोडं होतं, 'आपल्या गल्लीत पाण्याला नावं किती?' त्या दिवशी नळावर जे काही भांडण लागलं म्हणता! मराठी पाणी, दखनी पानी हे एकच की दोन, यावरून बायका तावातावाने बोलत होत्या. कानडी नीरु आणि तेलुगू नीळ्ळु या दोघी बहिणी आहेत, असं एका म्हातारीने मुलींना सांगितलं. तेवढ्या गल्लीत किती मुलखांचे लोक आले आहेत ते त्या एका कोड्याने उलगडलं. कुणाचं गाव निजामाच्या राज्यात, कुणाचं अक्कलकोटच्या पलीकडे. मी फळ्यावर नुसता नकाशा टांगला आणि पोरी बोटं ठेवत गेल्या.

एकदा मी विचारलं, 'बरोबर मध्यान्ही मिलच्या धुराड्याची सावली कोणत्या बाजूला पडते?' पुस्तकात लिहिलेलं, उत्तरेला. पण सोलापुरात उन्हाळ्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो, तेव्हा सावली दक्षिणेला पडते, आणि मधे एकदा तर ती पायाशीच गोळा होते. हे पोरींनी काठी रोवून बघावं अशी माझी इच्छा. तर एका मुलीचा बाप, गिरणीतला जॉबर म्हणजे मुकादम, तणतणत शाळेत आला. म्हणाला, "बाई, पोरीला रोज दुपारची उन्हात उभी करताय. काळीठिक्कर पडली. उद्या हिचं लगीन कोण जमवणार, तुमी?" मी म्हटलं, "मी जमवीन. तुम्ही आधी धुराड्याची सावली बघून या." शिव्या घालत गेला. पुढच्या आठवड्यात जिन्यातूनच ओरडला, "बाई, आज सावलीच न्हाई की वो!" कामाच्या मधल्या सुट्टीत चार माणसं गोळा करून त्याने ते पाहिलं होतं. त्या पोरीच्या वहीत मग सांगणाऱ्याचं नाव म्हणून बापाचं नाव पडलं आणि तो लई खूश झाला.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्याकडे येते.

माझ्या कोड्यांचा थोडाफार गवगवा झाला. शहरातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी मुलांसाठी काम करणारी एक समिती काढली होती. तिचं नाव लिहीत नाही. मंडळी आता हयात नाहीत आणि त्यांच्या नातवंडांशी माझं वैर नाही. समितीने जाहीर केलं की चौथीच्या मुलामुलींची भूगोल आणि सामान्यज्ञानाची कोडेस्पर्धा घ्यायची. पहिला येईल त्याला हायस्कुलात मोफत जागा, पुस्तकंही समितीची. कोडी काढायला मला बोलावलं. अध्यक्ष एक नामांकित वकील होते. मी त्यांना माझी पद्धत समजावून सांगितली. कोडी घरी न्यायची, कुणालाही विचारायचं, स्वतःच्या हाताने लिहायचं. ते मान डोलावून म्हणाले, "वा वा, अभिनव कल्पना आहे!" हे शब्द मी विसरलेले नाही. तुम्हीही विसरू नका.

माझ्या वर्गात नरसम्मा होती. आम्ही तिला नरसू म्हणायचो. विणकराची पोर. घरात दोन हातमाग, बाप आणि काका मागावर, आई, नरसू आणि धाकटी रहाटावर कांड्या भरायला. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची नळी. ती भरली नाही तर माग थांबतो. म्हणजे घरातल्या पोरी शाळेत गेल्या की माग थांबतो, असा हिशेब असे. नरसूला बापाने चौथीपर्यंत शिकू दिलं, हेच मोठं. पुढे हायस्कूल? तो सरळ म्हणाला होता, "बाई, फी, पुस्तकं कुटनं आणू? आनि कांड्या कोन भरनार? फुकट जागा मिळाली तर बगू. तिची आई म्हणती, रातच्याला मी दोघींच्या भरीन." म्हणजे सगळं त्या एका जागेवर अडकलं होतं. नरसूला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि अध्यक्षांनाही मी आधीच सांगून ठेवलं होतं.

नरसूने कोडी घरी नेली आणि पेठ पालथी घातली. एक कोडं होतं, 'सोलापुरात पडलेला पाऊस शेवटी कोणत्या समुद्राला मिळतो?' मुंबईचा समुद्र जवळ म्हणून बहुतेक मुलं तिथेच फसतात. नरसूने लिहिलं, 'आपल्या गटाराचं पाणी ओढ्याला, ओढ्याचं सीनेला, सीनेचं भीमेला, भीमेचं कृष्णेला. कृष्णा माझ्या अव्वाच्या गावाखालून सूर्य उगवतो तिकडच्या समुद्राला जाते.' खाली लिहिलं, 'सांगणार, माझी अव्वा एल्लम्मा.' अव्वा म्हणजे आजी. ती निजामाच्या मुलखातून, कृष्णेकाठच्या गावातून लग्न होऊन आलेली. ज्वारीच्या कोड्याचं उत्तर तिला धोंडाबाईने सांगितलं. धोंडाबाई मंगळवेढ्याकडून बैलगाडीने ज्वारी आणून विकायची, शाळेखालच्या दुकानातही तिचा माल उतरायचा. 'आगगाडीने कोणत्या बाजूला गेलं की बाजारातली भाषा पालटते?' याचं उत्तर दोघांनी मिळून दिलेलं. टांगेवाले मेहबूबचाचा स्टेशनवर सवाऱ्या घ्यायचे, त्यांना सगळ्या गाड्या पाठ. त्यांनी वाडी जंक्शनकडच्या लाइनीवरची दुधनी सांगितली. आणि दुधनीचाच शांताप्पा, आमच्या पेठेतला हमाल, त्याने तिथल्या बाजारात मराठी कानडी कशी एकमेकांत मिसळते ते सांगितलं. प्रत्येक उत्तराखाली नाव. माझ्या शाळेतल्या सगळ्याच पोरींनी सवयीने तसं केलं होतं, पण नरसूइतकी नावं कुणाचीच नव्हती, आणि नरसूइतकी बरोबर उत्तरंही कुणाची नव्हती.

बाकीच्या शाळांतल्या मुलांनी नावं लिहिली नव्हती. विचारलं त्यांनीही होतंच. कुणी काकांना, कुणी शिकवणीच्या मास्तरांना. न लिहिण्यात काही चूक नाही, तो नियम माझ्या वर्गाचा होता. कागद तपासून झाल्यावर समितीने वरच्या क्रमांकांच्या मुलांना सभेला बोलावलं. नरसू पहिली होती, दुसऱ्या क्रमांकावर एका बड्या घरचा मुलगा होता. त्याने पावसाच्या कोड्यात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' असे शब्द लिहिले होते. मी त्याला विचारलं, "बाळ, पर्जन्यछाया म्हणजे काय रे?" तो दाराकडे बघायला लागला. दाराबाहेर त्याचे मास्तर बसले होते. त्या पोरावर माझा राग नाही. दहा वर्षांचं पोर ते.

अध्यक्षांनी नरसूला समोर बोलावलं. "ही उत्तरं तू एकटीने सोडवलीस?"

"न्हाई," नरसू म्हणाली. "सगळ्यांनी मिळून."

"म्हणजे तुला लोकांनी सांगितलं."

"व्हय. नावं लिवलीत की खाली."

सभासद एकमेकांकडे बघून हसले. मी उठून म्हटलं, "अहो, विचारणं हीच तर स्पर्धा आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही वा वा म्हणालात." अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही बसा. कल्पना ठीक आहे. पण बक्षीस एकाला द्यायचं आहे, पेठेला नाही. एका कागदावर एकच नाव हवं." मग अगदी प्रेमळ आवाजात नरसूला म्हणाले, "असं कर बाळ, बाकीची नावं खोड. तुझं तेवढं ठेव. मग आमची हरकत नाही."

टाक तिच्या हातात दिला. माझा जीव भांड्यात पडला. चार रेघा ओढायच्या आणि हायस्कूल. मीच मनात म्हणत होते, ओढ बाई, ओढ.

नरसू कागदाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्याचं नाव मी कशी खोडू? आमच्यात दुसऱ्याच्या मागावरचा धागा तोडत न्हाईत. ज्याचा त्यानं तोडायचा."

हे खरं आहे. मी त्यांच्या घरी पाहिलेलं होतं. शेजारच्या मागावर गाठ पडो, सूत गुंतो, दुसरा हात लावणार नाही. मालकाला हाक मारतील, वाट बघतील. तिला लहानपणापासून तेच शिकवलेलं. पण अध्यक्षांना त्याचं काय? ते म्हणाले, "ते तू ठरव. आम्हाला एकापेक्षा जास्त नावं चालणार नाहीत." आणि त्या पोरीने ज्या एका नावावर तिचा हक्क होता ते खोडलं. कागदाच्या वर लिहिलेलं स्वतःचं. टाक खाली ठेवला आणि माझ्याकडे येऊन उभी राहिली.

"स्वतःलाच बाद केलं हिनं!" एक सभासद म्हणाला आणि पुन्हा हशा पिकला. निकाल पुढच्या सोमवारी जाहीर होईल असं सांगून सभा उठली. हसणं मला कधी एवढं घाणेरडं वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी माझ्या दारात टांगा थांबला. मेहबूबचाचा पुढे, मागे अव्वा, धोंडाबाई आणि नरसू, आणि शांताप्पा पायरीवर लटकलेला. घरी नरसूने सगळं सांगितलं होतं आणि गल्लीत एकच गिल्ला झाला होता. धोंडाबाई तर तिच्यावर भडकलेलीच होती. "माजं नाव खोडायचं व्हतं की गं बये! लई मोठं लागून गेलंय व्हय माजं नाव? इतकी वर्सं कुनी लिवलं न्हाई, माजं काई अडलं न्हाई."

"मेरे कू नाम का क्या करना है, बेटी?" मेहबूबचाचा म्हणाले. मग मला म्हणाले, "बाई, तुम चलो. वो साहेब को बोलेंगे, हम अपना अपना नाम काटते. इसका रखो."

शांताप्पा म्हणाला, "आमचं आमी खोडलं तर हिचा नेम मोडत न्हाई री बाई."

मला तेव्हा वाटलं, या माणसांच्या शहाणपणापुढे आता कुणाचं काय चालणार. मी चपला घातल्या आणि टांग्यात बसले.

अध्यक्ष आपल्या बंगल्याच्या ओसरीत झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. एवढी माणसं बघून दचकले. धोंडाबाई पुढे होऊन म्हणाली, "आमी आमची नावं खोडाया आलोय, सायब." त्यांना आधी कळेना, मग मी समजावलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग हसून कारकुनाला कागद आणायला सांगितला. दौत टाक आला. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते. त्यांनी कागद आणवला, टाक दिला, 'खोडा' म्हणाले, आणि झोपाळा थांबवून शेवटपर्यंत बघत राहिले.

देवनागरी वाचता येणारं त्यांच्यात नरसूशिवाय कुणी नव्हतं. तेव्हा तिलाच बोट ठेवून दाखवावं लागलं. हे तुझं. हे तुमचं. मेहबूबचाचा कागदावर वाकून म्हणाले, "उर्दू में होता तो मैं पढ लेता," आणि एकदम रेघ ओढली. शांताप्पाने दोनदा विचारून घेतलं, माझंच न्हवं? दुसऱ्याचं खोडलं जायला नको. धोंडाबाईने नाव निरखून पाहिलं. "एवढंसंच व्हय?" म्हणाली आणि खोडलं. अव्वाने टाक कधी हातात धरलेला नव्हता. नरसू हात धरायला गेली तर तिने हात झटकला आणि तेलुगूत काही बोलली. नरसू मला म्हणाली, "ती म्हणती, माझं मीच." अव्वाने आधी त्या नावावरून बोट फिरवलं. मग वाकडी रेघ ओढली. टाकाचं टोक रुतून कागद थोडा फाटला. म्हातारी घाबरून अध्यक्षांकडे बघायला लागली.

अध्यक्षांनी कागद उचलला, चष्मा लावला, वरून खाली पाहिलं. म्हणाले, "आता यावर कुणाचंच नाव नाही. बिननावाचा कागद समितीपुढे कसा ठेवणार?"

मी म्हटलं, "अहो, नरसू आता आपलं नाव परत लिहील. तुमच्यासमोरच लिहील."

"बाई, तुम्ही शिक्षिका आहात. निकालाआधी कागदात फेरफार करणं गैर आहे, हे तुम्हाला मी सांगायचं? आणि फेरफार तर झालेलाच आहे. माझ्या डोळ्यांदेखत."

त्यावर मी काय बोलले ते या अंकात छापता येणार नाही. एवढंच सांगते की त्यांचा कारकून आत पळाला, शेजारच्या बंगल्यातली माणसं फाटकापाशी आली आणि दोन दिवसांनी म्युनिसिपालटीत माझी चौकशी लागली. मला ताकीद मिळाली. मिळाली तर मिळाली. मी पुन्हा त्या ओसरीवर उभी राहिले तर पुन्हा तेच बोलेन, आणि आता वय झालं आहे, जास्तच बोलेन.

काही लोक मला त्या वेळी म्हणाले, अध्यक्ष नियमाला धरून वागले. कुठल्या नियमाला? एका आठवड्यात तीन नियम झाले. विचारा, मग एकच नाव ठेवा, मग आता नावच नाही. तिन्ही नियम ती पोर पाळत गेली आणि तिन्ही नियमांनी तिलाच बाहेर काढलं. त्यांना मुलीला जागा द्यायची नव्हती असं मी म्हणत नाही. त्यांना काही फरकच पडत नव्हता, मला त्याचा जास्त राग आहे. रविवारची सकाळ होती, चार अडाणी माणसं कागदावर वाकून रेघा ओढत होती, आणि त्यांना तो तमाशा वाटला.

जागा दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला गेली. समितीने पुढच्या वर्षी कोड्यांसाठी दुसरा माणूस शोधला. त्याने छापील पुस्तकातून प्रश्न काढले, त्याची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी होती आणि सगळ्यांचं समाधान झालं. शनिवारचं कोडं मी शाळेतून निवृत्त होईपर्यंत घालत राहिले, नियमही तोच ठेवला. नरसू चौथी संपल्यावर रहाटावर बसली. वरून तिच्या घराचं अंगण दिसायचं. मी तास घेताना खिडकीकडे पाठ करून उभी राहायचे.

पण माझा राग त्या ओसरीवर राहिलेला नाही. तो राहिला आहे परतीच्या टांग्यात. ऊन चढलं होतं. धोंडाबाई नाक पुसत होती. अव्वा आपल्यामुळे कागद फाटला म्हणून सारखी काही पुटपुटत होती आणि शांताप्पा तिला कानडीत समजावत होता, तिला कळत नव्हतं तरी. नरसू माझ्या शेजारी बसली होती. ती सकाळपासून रडली नव्हती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बाई, माझं कुठलं उत्तर चुकलं?"

"एकही नाही गं," मी म्हटलं.

"मग?"

मेहबूबचाचांनी उगाचच घोड्याला चाबूक मारला.